वेळास ते मालवण: सव्वा किलोच्या कॅमेऱ्यासोबत सहा दिवस

गेल्या श्रावणात माझा उजवा खांदा धरला. हात पाठीमागे जाईना, शर्ट घालायलाही बायकोची मदत लागायची. फिजिओथेरपिस्ट ताईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "जड काय उचलता तुम्ही?" घरी येऊन कॅमेऱ्याची बॅग वजनकाट्यावर ठेवली. सहा किलो चारशे ग्रॅम. दहा वर्षं हेच ओझं याच खांद्यावरून दर हिवाळ्यात कोकणात नेत होतो.

बॅगेत निकॉन डी७५०, २४-१२० आणि २००-५०० मिमीच्या दोन लेन्स, एक पन्नासची, फ्लॅश आणि ट्रायपॉड असं सगळं होतं. एकटी २००-५०० दोन किलो तीनशे ग्रॅमची. दिवाळीनंतर हे सगळं विकलं. जवळच्या माणसाला निरोप द्यावा तसं त्या दिवशी वाटलं, ते लपवत नाही. त्याऐवजी ओएम सिस्टिमचा ओएम-५ घेतला, सेकंडहँड. सोबत १२-४५ एफ/४, ७५-३०० आणि छोटीशी १७ मिमी एफ/१.८. कॅमेरा बॅटरीसकट ४१४ ग्रॅम आणि तिन्ही लेन्स धरून सगळं मिळून साधारण सव्वा किलो.

ज्यांना ही भानगड ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ऑलिंपस आणि पॅनासॉनिक या दोन कंपन्यांनी २००८ मध्ये मायक्रो फोर थर्ड्स नावाची पद्धत आणली. दोघांच्या लेन्स एकमेकांच्या कॅमेऱ्याला बसतात. ऑलिंपसचा कॅमेऱ्याचा धंदा २०२१ पासून वेगळ्या कंपनीकडे गेला आणि त्यांच्या कॅमेऱ्यांवर आता ओएम सिस्टिम हे नाव असतं. यातला सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, १७.३ बाय १३ मिमीचा, तर माझ्या जुन्या कॅमेऱ्यातला ३६ बाय २४ चा होता. म्हणजे क्षेत्रफळ जेमतेम पाव. त्यामुळे लेन्सच्या आकड्याची दुप्पट करायची: ३०० मिमीची लेन्स जुन्या हिशेबात ६०० सारखी दिसते, आणि म्हणूनच ती सव्वाचारशे ग्रॅममध्ये बसते. तोटाही तिथेच आहे. तेवढ्याच एफ आकड्याला (लेन्सचं भोक किती उघडं ते सांगणारा आकडा, जितका लहान तितकं भोक मोठं) सेन्सरवर एकूण प्रकाश पाव पडतो, म्हणजे दोन स्टॉप कमी. एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा. अंधारात ते जाणवणार हे पुस्तकी ज्ञान मला होतं. प्रत्यक्षात किती जाणवतं ते बघायचं होतं, आणि कोकणात शिमग्याच्या तोंडावर अंधाराला तोटा नसतो.

पहिला दिवस, फाल्गुन शुद्ध नवमी: वेळास

पुण्याहून पहाटे निघालो. ताम्हिणी, माणगाव, मंडणगड करत दुपारी जेवायला वेळासमध्ये. ज्यांच्याकडे उतरलो त्या काकूंनी कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी, फणसाच्या कुयरीची भाजी आणि सोलकढी वाढली. पिठल्यात आमसूल आणि वरून लसणाची खमंग फोडणी. बायकोनं तिसऱ्यांदा पिठलं मागितलं तेव्हा काकू म्हणाल्या, "अहो वहिनी, रात्रीला पण हेच करते मग!" आणि खरंच रात्री पुन्हा केलं.

वेळासला लोक येतात ते कासवांसाठी. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेनं २००२ मध्ये इथे ऑलिव्ह रिडले कासवांच्या संरक्षणाचं काम सुरू केलं आणि गावानं ते आपलं मानलं. पूर्वी चोरीला जाणारी अंडी आता वाळूतल्या जाळीच्या कुंपणात सांभाळली जातात. साधारण पन्नास-पंचावन्न दिवसांनी पिल्लं वर येतात. रोज सकाळी सात आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला घरट्यांवरच्या टोपल्या उचलून बघतात. असली तर असली, नसली तर नाही.

त्या संध्याकाळी पाचव्या टोपलीपर्यंत काहीच नव्हतं. दोरीच्या अलीकडे शंभरेक माणसं, चिडीचूप. सहावी टोपली उचलली आणि कार्यकर्त्या मुलानं फक्त तीन बोटं वर केली. तीन पिल्लं.

मी चार वर्षांपूर्वी याच दोरीपाशी पालथा पडून फोटो काढले होते. कोपरं वाळूत रुतलेली, मान वर, डोळा कॅमेऱ्याला, शेजारच्याचा पाय पाठीवर. यंदा खांद्यानं ते होणारच नव्हतं. मांडी घालून बसलो, कॅमेऱ्याचा स्क्रीन बाहेर काढून वर वळवला आणि कॅमेरा दोरीखाली वाळूपासून चार बोटांवर एका हातानं धरला. शटर इलेक्ट्रॉनिक, आवाज शून्य. स्क्रीनवर पिल्लाच्या डोळ्यावर बोट टेकवलं की फोकस तिथे आणि फोटो निघालेला.

एक पिल्लू माझ्यासमोर थबकलं. काळं-करडं, पाठीवर वाळूचे कण चिकटलेले, पोटाखालची नाळेची खूण अजून पुरती बुजलेली नव्हती. पुढचे दोन पर टेकवून त्यानं मान उचलली. भरती असल्यामुळे पाणी पंधरा-वीस पावलांवरच होतं. पहिली लाट आली आणि त्याला मागे फेकून गेली. ते उलटं पडलं, सुलटं झालं, पुन्हा निघालं. दुसऱ्या लाटेत दिसेनासं झालं. मागे ओल्या वाळूवर दोन्ही बाजूंना स्वल्पविरामासारख्या खुणा राहिल्या होत्या. त्या खुणांचा फोटो हा या सगळ्या सहलीतला माझा सर्वांत आवडता. एफ/५.६ ला पहिल्या खुणेपासून पाण्याच्या फेसापर्यंत सगळं स्वच्छ आलंय. फुल फ्रेमवर, म्हणजे जुन्या मोठ्या सेन्सरवर, त्यासाठी एफ/११ करावं लागलं असतं आणि त्या मावळत्या उजेडात आयएसओ, म्हणजे उजेडासाठीची संवेदनशीलता, आपोआप चौपट झाला असता. लहान सेन्सर इथे तोट्यात जातच नाही.

वेळासला जाणार असाल तर किमान एक मुक्काम कराच, म्हणजे संध्याकाळ आणि सकाळ अशा दोन संधी मिळतात. फ्लॅश अजिबात चालत नाही. ऑटोफोकसचा लाल-नारिंगी मदतदिवा मेन्यूतून आठवणीनं बंद करा, तोही पिल्लांच्या डोळ्यांत जातो. आणि दोरी म्हणजे दोरी. तिच्यापलीकडे पाय टाकायचा नाही, चांगला फोटो मिळत असला तरी.

दुसरा दिवस: आंजर्ले, हर्णै

सकाळी सात पिल्लं निघाली, पण त्यातल्या चारांचेच फोटो आहेत. बॅटरी संपली. जुन्या कॅमेऱ्यात एका चार्जिंगवर हजारावर फोटो निघायचे, त्यामुळे रात्री चार्जिंग लावायची सवयच नव्हती. ओएम-५ चा कंपनीचा आकडा ३१० आहे. व्ह्यूफाइंडर, स्क्रीन सगळं विजेवर चालतं, त्यामुळे नुसतं बघत बसलं तरी बॅटरी उतरते. शेवटची तीन पिल्लं मी नुसत्या डोळ्यांनी पाहिली. हा कॅमेरा घेणाऱ्यानं किमान तीन बॅटऱ्या बाळगाव्यात. गाडीत किंवा पॉवर बँकेवर कॅमेऱ्यातच चार्ज होतो, मात्र केबल जुन्या मायक्रो-यूएसबीची लागते, फोनची चालत नाही.

केळशी, आडे, पाडले या किनाऱ्याकिनाऱ्याच्या रस्त्यानं आंजर्ल्याला आलो. कड्यावरच्या गणपतीच्या आवारातून खाली नारळी-पोफळींचा हिरवा पट्टा, खाडीचं तोंड आणि पलीकडे सुवर्णदुर्ग. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यातला हा एक. दुपारचा खारट धुरळा हवेत होता, किल्ला नुसता निळसर डाग दिसत होता. फोटो काढला नाही.

हर्णैच्या बंदरावर चारच्या आधी पोचा. लिलावाची वेळ झाली की तिथे पाय ठेवायला जागा उरत नाही. मोठ्या होड्या पाण्यात उभ्या, छोट्या होड्यांतून आणि बैलगाड्यांतून मासळी वाळूवर येते. बैल पोटापर्यंत पाण्यात उभे, डोळे मिटलेले, जणू ऊन खात आहेत. पापलेटाचे ढीग, सुरमईच्या ओळी, म्हाकूल, कोळंबी, मुशी. बोली इतक्या वेगात चालते की बाहेरच्याला आकडा कळायच्या आत माल उचललेला असतो.

इथे मला एक गोष्ट कळली जी वजनाशी थेट संबंधित नाही. पूर्वी त्या भल्यामोठ्या लेन्ससकट इथे उतरलो की गर्दी बाजूला व्हायची. "पेपरवाले आले" म्हणून कुणी पदर सावरायचं, कुणी पाठ फिरवायचं, कुणी तक्रार सांगायला पुढे यायचं. यंदा कुणी वळूनही पाहिलं नाही. जुन्या घरगुती कॅमेऱ्यासारखं काहीतरी घेऊन कोणी पाव्हणा फिरतोय, एवढंच. फोटोतली माणसं आपापल्या कामात आहेत. एकीचं लक्ष तराजूच्या काट्यावर, दुसरी ओठांत नोट धरून दोन्ही हातांनी बर्फ चेपतेय.

त्या दुसरीला मात्र मी विचारलं, "मावशी, फोटो काढू?"

"मासळीचा काढ. माझा काय करायचाय?"

दोन्ही काढले. मग तिनंच फोन पुढे केला, "धाड बघू." कॅमेऱ्यातून वायफायनं माझ्या फोनवर, तिथून तिच्या व्हॉट्सॲपवर, दोन मिनिटांचं काम. तिनं फोटो बोटांनी मोठा केला, स्वतःचा चेहरा नाही तर टोपलीतली पापलेटं, आणि शेजारणीला दाखवत म्हणाली, "बघ, डोळे कसे चमकतायत. ताजा माल हाय हे दिसतंय ना?" जाताना दोन पापलेटं हातावर ठेवली. पैसे घेईना. रात्री मुक्कामाच्या ठिकाणी ती तळून घेतली, नुसतं मीठ, हळद, तिखट, आगळ आणि तांदळाच्या पिठाचा पातळ हात.

वाळूवर पाणी, बर्फ, मासळीचं रक्त सगळं उडत असतं. ओएम-५ आणि १२-४५ दोन्हींना धूळ-पाण्यापासून संरक्षण आहे, शिंतोड्यांची चिंता नाही. पण मीठ वाळलं की ते बटणांच्या फटीत बसतं. म्हणून खोलीवर आल्याबरोबर गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्यानं सगळं पुसायचं, मग कोरड्या. समुद्रकाठी हे रोज रात्री करावं.

तिसरा दिवस: दाभोळची फेरी आणि गुहागरचे खेळे

दाभोळहून धोपाव्याला गाडीसकट फेरीबोटीनं. वरच्या मजल्यावर उभं राहायला मिळालं. कुरव आणि ब्राह्मणी घारी बोटीच्या मागेमागे. इथे ७५-३०० बाहेर काढली. एका हातात धरता येणारी ६०० मिमीच्या तोडीची लेन्स ही माझ्यासाठी नवलाईच होती. पण खरं सांगायचं तर निकाल मिश्र आहे. उन्हात, घार जवळ आणि संथ असली तर पिसं मोजता येतील असे फोटो आलेत. उडत्या कुरवांच्या वीस फोटोंत चार धड. शेवटच्या टोकाला, ३०० वर, लेन्स थोडी मऊ पडते आणि एफ/६.७ ला प्रकाशही तुटपुंजा. २००-५०० ची धार तिला नाही. पक्षी हाच ज्याचा मुख्य नाद आहे त्यानं या दोघांच्या जोडीवर समाधान मानू नये. शिवाय या लेन्सला पाण्यापासून संरक्षण नाही. तुषार उडायला लागले तशी ती बॅगेत गेली.

गुहागरला पोचलो तेव्हा दुपार टळली होती. किनाऱ्यावर सुरूच्या बनात तासभर पडून राहिलो. संध्याकाळी ज्यांच्याकडे उतरलो होतो ते दादा म्हणाले, "रात्री जागे राहा. आमच्या वाडीत खेळे यायचेत."

शिमग्याच्या आधी या भागात खेळे गावोगाव, घरोघर फिरतात. साडेदहाला लांबून मृदंग ऐकू आला. आधी आवाज, मग बॅटऱ्यांचे झोत, मग अंगणात पंधरा-वीस माणसं. नमन झालं. गोमू नाचली, म्हणजे लुगडं नेसलेला, पायात चाळ बांधलेला कोवळा मुलगा. आणि मग संकासुर. अंगभर काळा पायघोळ, छातीवर रुळणारी पांढरी दाढी, डोक्यावर उंच टोकदार टोपी, कमरेला घुंगरांचा पट्टा. तो उडी मारून अंगणाच्या मध्यात आला तशी दादांची पाच वर्षांची नात थेट माझ्या बायकोच्या मांडीत घुसली. तिथून पदराआडून एक डोळा बाहेर काढून बघत राहिली.

अंगणात उजेड किती? ओसरीवरची एक ट्यूब आणि तुळशीजवळ लोंबणारा एक एलईडी दिवा. काळ्या अंधारात काळ्या कपड्यातला, एक क्षण स्थिर न राहणारा माणूस. पाव आकाराच्या सेन्सरची याहून कठीण परीक्षा कुणी मांडली नसती.

पहिले चाळीस फोटो वाया गेले, पण सेन्सरमुळे नाही. आवाज नको म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर ठेवलं होतं आणि सगळ्या फोटोंवर आडवे काळे पट्टे आले. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. तिच्यावरचे साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात, डोळ्याला ते कळत नाही. इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर ओळीओळीनं वाचतं, त्यामुळे काही ओळींना उजेड मिळतो, काहींना नाही. उपाय सोपा आहे: मेकॅनिकल शटर लावायचं आणि वेग १/१०० किंवा १/५० ठेवायचा. मृदंगाच्या आवाजात कुणाला शटर ऐकू येणार होतं! देवळातले कार्यक्रम, लग्नाचे हॉल, नाटकाचं सभागृह, सगळीकडे हे लक्षात ठेवा.

मग १७ मिमी लावली, एफ/१.८, १/१००, आयएसओ ३२००. नाचणाऱ्याचे हात थोडे पुसट, चेहरा स्थिर, हे मला चालतं. दाढीचा पांढरा आणि टोपीवरची नक्षी सुंदर आली. काळ्या पायघोळात मात्र रवाळपणा आहे, आणि सावलीतला भाग उजळायला गेलं की रंगाचे ठिपके उठतात. घरी आल्यावर रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातल्या मूळ कच्च्या फाइल, लाइटरूम या सॉफ्टवेअरच्या रवाळपणा घालवणाऱ्या डीनॉइजमधून काढल्या, बरंच निवळलं. तरी डी७५० ला एफ/१.८ ची लेन्स लावून हाच फोटो काढला असता तर तो उजवा ठरला असता, यात शंका नाही.

पण मी तसा काढलाच नसता. जुन्या कॅमेऱ्यावर माझी नेहमीची लेन्स एफ/४ ची होती. तिला याच उजेडात आयएसओ १६,००० च्या आसपास न्यावा लागला असता, आणि मोठ्या सेन्सरचा दोन स्टॉपचा फायदा तिथेच खर्ची पडला असता. म्हणजे १२० ग्रॅमच्या या लेन्सनं हिशेब जवळजवळ बरोबरीत आणला. आणि रात्री साडेदहाला, दिवसभर फिरून आल्यावर, खांद्याला शेक देऊन झाल्यावर, ती सहा किलोंची बॅग मी खोलीतून खाली आणलीच नसती, हे त्याहून खरं.

संकासुर जाताना मुलीपाशी थांबला. टोपी काढली. आत घामानं निथळलेला, हसरा, पंचविशीतला मुलगा. "बघ, मी हाय. भ्यायची नाय." तिनं त्याच्या दाढीला हात लावून पाहिला. दादांनी ताटात पोस्त, म्हणजे शिमग्याची बक्षिशी, आणि नारळ दिला आणि मृदंग पुढच्या घराकडे निघाला. हा शेवटचा क्षण माझ्याकडे फोटोत आहे: टोपी काखेत, दाढी हनुवटीखाली सरकलेली, आणि तिचं बोट.

चौथा दिवस: हेदवी, जयगड

सकाळी चहा घेताना दादांच्या वडिलांना विचारलं, बामणघळीला पाणी कधी उडेल? म्हातारबाबांनी भरतीचं वेळापत्रक नाही पाहिलं. "आज बारस. तिथीची पाऊणपट करायची. बारसेला नऊ. नऊला भरती, त्याच्या आधी जा." भरतीची ढोबळ वेळ काढायचा हा कोकणातला जुना हिशेब आहे: अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. कृष्ण पक्षात तिथी पुन्हा प्रतिपदेपासून मोजायची.

साडेआठला हेदवीला होतो. बामणघळ म्हणजे किनाऱ्याच्या काळ्या कातळाला पडलेली अरुंद भेग. लाट आत शिरते, कोंडते आणि टोकाला उसळून उंच उडते. उडण्याआधी एक क्षण पोकळ 'घुम्म' असा आवाज येतो, तळपायाला कळतो. आठवड्यात दोन-तीनदा ऐकावा असा आवाज आहे.

इथे ओएम-५ मधलं लाइव्ह एनडी वापरलं. म्हणजे लेन्सपुढे काळी काच न लावता कॅमेरा आतल्या आत अनेक फ्रेम्स एकत्र करून शटर लांबवतो, चार स्टॉपपर्यंत. अर्धा सेकंद, कातळावर बसून, कोपरं गुडघ्यांना टेकवून, ट्रायपॉडशिवाय. कातळ खणखणीत आणि पाणी धुरासारखं. कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन, म्हणजे हात हलला तरी फोटो हलू न देणारी सोय, ही मला या पद्धतीची सर्वांत मोठी कमाई वाटते. ट्रायपॉड तर विकूनच टाकला होता आणि त्याची एकदाही आठवण झाली नाही.

घळीच्या कडेला जाऊ नका. शेवाळलेला कातळ ओला असला की चपलेला काही धरू देत नाही, आणि एखादी लाट अचानक मोठी येते. वरून, मागे उभं राहूनही फोटो चांगला मिळतो.

दशभुजा गणपतीचं दर्शन, मग तवसाळहून फेरीनं जयगड, कऱ्हाटेश्वर, आणि आरे-वारेच्या वळणावर सूर्यास्त. सूर्यास्ताबद्दल काही लिहीत नाही, तिथे तो रोज चांगलाच होतो. रत्नागिरीत एसी खोली घेतली आणि सकाळी त्याची किंमत मोजली: गार लेन्स दमट हवेत बाहेर आणताच धुरकटली, वीस मिनिटं काहीच दिसेना. एसीतून निघण्याआधी कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधावा आणि बाहेरच्या हवेशी जुळल्यावरच उघडावा.

पाचवा दिवस: किनाऱ्यानं मालवण

पावस, पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, कुणकेश्वर, आचरा. दिवसभर गाडी. देवगडच्या आसपास कलमं कैऱ्यांनी वाकलेली, बागांतून राखणदारांच्या हाळ्या. विजयदुर्गला भर दुपारी उतरलो. याआधी दोनदा आलो तेव्हा बॅगेच्या ओझ्यानं दरवाज्याजवळच्या बुरुजावरूनच परतलो होतो. यंदा तिहेरी तटबंदीवरून पूर्ण फेरी मारली. भगभगीत उजेडात स्क्रीनवर काही दिसत नव्हतं, पण डोळा व्ह्यूफाइंडरला लावला की फोटो कसा येणार ते आधीच कळतं, उन्हानं पांढरं पडणार असेल तेही. ही सोय माझ्या जुन्या, आरशातून बघायच्या कॅमेऱ्यात नव्हती.

मालवणात रात्री बांगड्याचं तिखलं आणि सोलकढी. तिरफळाचा वास अजून बोटांना आहे असं वाटतं.

सहावा दिवस, चतुर्दशी: दांडीचा किनारा

पहाटे सहाला दांडीच्या किनाऱ्यावर रापण लागणार असल्याचं खानावळवाल्यानं सांगितलं होतं. होडी अर्धवर्तुळात जाळं टाकत गेली. समोर सिंधुदुर्गाचा तट अजून काळाच होता, १६६४ मध्ये पायाभरणी झालेला. मग जाळ्याची दोन टोकं धरून किनाऱ्यावर दोन रांगा लागल्या. दोर ओढणं हे एकट्याचं काम नाही. तीस-चाळीस माणसं, त्यात पासष्टीचे आजोबा आणि शाळेत जायच्या आधी आलेली पोरं. उलट्या पावलांनी एका तालात मागे जायचं, टोकाला पोचलं की दोर सोडून पुन्हा पाण्याशी येऊन धरायचा.

मी फोटो काढत होतो. रांगेतल्या एका काकांनी पाहिलं आणि विचारलं, "ह्यो एवढोसोच कॅमेरो? फोटो बरे येतंत मां?"

"येतात की."

"मग तो ठेवा बाजूक आनि येवा. मानसा कमी पडतत."

कॅमेरा गळ्यातून काढून बायकोच्या हातात दिला आणि दोर धरला. दोर खरखरीत, ओला, मनगटाएवढा. खांद्याची काळजी होती, पण रापणीत जोर पायांचा असतो, हात फक्त धरून ठेवतात. अर्धा तास ओढलं. मागच्या आजोबांनी दोनदा माझी पावलं दुरुस्त केली, "टाचेर जोर देवा, टाचेर." शेवटी जाळ्याचा खोळा पाण्यातून वर आला, आत चांदीसारखे पेडवे उड्या मारत होते, मधूनमधून एखादा बांगडा, आणि वरती घारींची झुंबड. बऱ्याच जणांनी सांगितलं की पूर्वीसारखी मासळी आता काठाला येत नाही. तरी वाटे पडले. ओढणाऱ्या प्रत्येकाला काही ना काही मिळालं. माझ्या हातातही ओंजळभर पेडवे पडले.

हात धुवून आलो तेव्हा बायको कॅमेऱ्याचा स्क्रीन बघत होती. जुना कॅमेरा तिनं दहा वर्षांत कधी हातात घेतला नव्हता. "मनगट दुखतं माझं," म्हणायची. आज एका हातानं, दुसऱ्या हातात चपला धरून, तिनं एकशे बारा फोटो काढले होते. बरेच तिरके, काहींत क्षितिज उतरतं आहे. एकात मी आहे. तोंड उघडं, टाचा वाळूत रुतलेल्या, मागे त्या आजोबांचा हात माझ्या पाठीवर, आणि दोर दोघांच्या मधून सरळ समुद्रात गेलेला. कोकणातल्या दहा वर्षांच्या माझ्या फोटोंत मी असलेला हा पहिला.

पेडवे खानावळीत दिले. त्यांनी ते केळीच्या पानात बांधून तव्यावर भाजून दिले, आणि बारा वाजता आम्ही घाटाला लागलो.